काटा अंगठ्यात, मग अवधाण जांघेत काहून?

काटोलकर (धागाकर्ता), शुक्रवार दुपार

परवा पोळा झाला, काल मारबतीची मिरवणूक. "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडून घसा बसवून घरी आलो, तर रोगराई आमच्याच पलंगावर पडलेली.

बाबांना (वय ६७, साखर आहे, गोळ्या चालू) सोमवारी बागेत उजव्या अंगठ्यात काटा रुतला. संत्र्याचा नाही, जंबेरीचा. बागवाल्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो: नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात, आणि त्या खुंटातून जे रानटी फुटवे निघतात त्यांना बोट बोट लांब काटे असतात. ते वेळेवर कापायचे राहिले. स्लिपरच्या आरपार गेला.

बाबांनी सुईनं काढला, हळद-तेल लावलं, संपला विषय. बुधवारी अंगठा टरारून लाल. काल रात्री ताप १०१. आज सकाळी जांघेत बोराएवढी गाठ, हात लावू देत नाहीत. आई म्हणे, "अवधाण आली. पायाला लागलं की येतेच. शेक दे."

डॉक्टरकडे न्यायचं की नाही हे विचारत नाही, संध्याकाळची वेळ घेतली आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. काटा अंगठ्यात, गाठ हातभर वर जांघेत, ताप अख्ख्या अंगात. मधल्या पोटरी-मांडीला काहीच नाही. विष चढलं म्हणतात ते हेच का? शाळेत 'पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक' एवढं वाक्य पाठ केलं, दोन मार्क मिळाले, पुढे काही कळलं नाही.

तर्रीवाला

भाऊ, संध्याकाळची वेळ कायले पाहून रायला? साखरवाला माणूस, पायाले जखम, अंगात ताप. आत्ताच घेऊन जाय. धागा कुठी पळून नाही चालला.

लॅबवाली_मावशी

तर्रीवाल्याशी सहमत. निघण्याआधी पायावरून वर लाल रेघ चढलीय का तेवढं बघ, असेल तर डॉक्टरांना आल्या आल्या सांग. गाठ शेकू नका, चोळू तर मुळीच नका.

आता तुझा प्रश्न. मी ३१ वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा पाहिल्या, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हा विषय निघाला की हात शिवशिवतात.

काटा रुतला म्हणजे कातडीची भिंत फुटली आणि काट्यावरचे जंतू आत गेले. तिथल्या ऊतकात काही पेशी कायमच्या वस्तीला असतात, पोलीस चौकीत बसल्यासारख्या. त्यांना जंतूंच्या अंगावरचे ठरावीक नमुने ओळखता येतात. ओळख पटली की त्या रसायनं सोडतात, जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती थोड्या झिरपू लागतात. लाली, गरमी, सूज, ठणका, हे सगळं तिथून आलं. म्हणजे अंगठा सुजवला तो जंतूंनी कमी आणि बाबांच्याच शरीरानं जास्त.

मग येतात न्यूट्रोफिल. आपल्या हाडांच्या मगजात या पेशी रोज सुमारे १०० अब्ज तयार होतात. आयुष्य मोजून काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. रक्तातून वाहता वाहता जखमेजवळच्या वाहिनीला चिकटतात, भिंतीतल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जंतू गिळतात. गिळून आत जे रसायन तयार करतात ते पाण्याच्या टाकीत ब्लिचिंग पावडर टाकल्यावर होतं त्याच जातीचं. जंतू मरतात, बहुतेक वेळा गिळणारीही मरते. पू म्हणजे मुख्यतः यांचीच मढी. पुवाला जी हिरवट झाक असते ती या पेशींमधल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) रंगाची.

आज सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, काढतीलच. एकूण पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात, आज वाढलेल्या दिसतील. आमच्या वेळी काच लीशमनच्या रंगानं रंगवून शंभर पेशी हातानं मोजायचो. न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार गाठी मारलेल्या सुतळीसारखं. संसर्ग जोरात असला की गाठी न पडलेली, वाकड्या पट्टीसारखी कोवळी केंद्रकं दिसायला लागतात. मगजानं भरती पूर्ण होण्याआधीच पोरं पाठवली, असं मी शिकाऊ मुलींना सांगायची. आणि शंभरात एखाददुसरी इओसिनोफिल सापडायची, संत्र्याच्या रंगाच्या दाण्यांनी भरलेली. इतकी सुंदर पेशी दुसरी नाही. ती वाढली की जंत किंवा अ‍ॅलर्जी.

गाठीचं कोणीतरी तरुण सांगा. माझा चष्मा थकला.

जुना_नागपूरकर

अवधाण 'आली' की 'आलं'? आमच्या महालातल्या घरी नपुंसकलिंगी होतं.

संत्र्याची_फोड

काका, माणूस तापानं फणफणलाय आणि तुम्ही लिंग विचारताय.

अगार_प्लेट

मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतेय, चौथं वर्ष, त्यामुळे रात्री अकरा वाजता धागे वाचणं हेच मुख्य काम आहे.

अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. शरीरात अशा ग्रंथी सहाशेच्या आसपास. पायाच्या ऊतकात झिरपलेलं पाणी बारीक लसिकावाहिन्यांतून वर जातं आणि त्यांचं मोठं ठाणं जांघेत असतं. हाताला जखम झाली तर काखेत, दाढ किडली तर जबड्याखाली. मधल्या पोटरीत काही दिसत नाही कारण तिथून फक्त रस्ता जातो. (गुडघ्यामागे एक छोटं ठाणं आहे, पण अंगठ्याकडची वाट बहुतेक थेट जांघेला.)

रस्त्यावरून जातं काय? जंतू आणि त्यांचे तुकडे वाहत जातात हे खरं. पण खास निरोपे वेगळे असतात, डेंड्रायटिक पेशी, फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्यांचं वर्णन केलं. २०११ चं नोबेल त्यांना जाहीर झालं, पण तीन दिवस आधीच ते वारले होते आणि समितीला ते माहीत नव्हतं. या पेशी जखमेजवळ जंतू खातात, त्याचे तुकडे आपल्या अंगावर टांगतात आणि साधारण दिवसभरात ग्रंथीत पोचतात. तिथे टी पेशींना (टी आणि बी, दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार) ते तुकडे दाखवत बसतात.

आता गंमत. प्रत्येक टी आणि बी पेशीला एकच चेहरा ओळखता येतो, आणि तो जन्मतः चिठ्ठी टाकल्यासारखा ठरलेला. जीन्सचे तुकडे उलटसुलट जोडून हे अगणित चेहरे तयार होतात, त्याच्या उलगड्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. बाबांच्या अंगठ्यातला विशिष्ट जंतू ओळखणारी टी पेशी लाखात एखादीच असते. ती एक पेशी अख्ख्या शरीरात शोधायची कुठे? म्हणून सगळ्या टी पेशी ग्रंथीग्रंथीतून फिरत राहतात, इथे थोडे तास, मग पुढची ग्रंथी.

संसर्गाची खबर आली की ग्रंथी बाहेरचं दार लावून घेते. काल मारबतीला इतवारीत गेला असशील तर कळेल: येणारे येतच राहिले, बाहेर पडायचा रस्ता बंद. रक्तातून पेशी आत शिरतात, निघता येत नाही, गर्दी वाढते, ग्रंथी फुगते. त्या गर्दीत जिला तुकड्याची ओळख पटली ती फुटायला लागते, एकीच्या दोन, दोनाच्या चार, दिवसातून दोन-चार वेळा. चार-पाच दिवसांत हजारो. ती बोराएवढी गाठ म्हणजे हे. ग्रंथीवरचं आवरण ताणलं जातं म्हणून दुखतं.

तेव्हा 'विष चढलं' पूर्ण चूक नाही, पण जांघेत जे चढलं ती मुख्यतः बातमी आहे.

जुना_नागपूरकर

अवधान म्हणजे लक्ष. शरीराचं लक्ष गेलं की येतं ते अवधाण. व्युत्पत्ती माझी, खात्री नाही, पण फिट बसते. आणि आता नपुंसकलिंग सिद्ध झालं.

आता जरा गंभीर. जांघेतल्या गाठीला आमच्या आजीच्या पिढीत लोक थरथरायचे. प्लेगला वर्तमानपत्रं 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत, ती ग्रंथी हीच. पिसू पायाला चावायची, गाठ जांघेत यायची. लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचे. पुण्यात १८९७ च्या साथीत आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. अगार_प्लेट, ग्रंथी जर ठाणं आहे, तर प्लेगमध्ये ते ठाणं का पडायचं?

अगार_प्लेट

कारण तो जंतू गिळला गेला तरी मरत नाही. गिळणाऱ्या पेशीच्या पोटात बसून, तिच्याच पाठीवरून तो ग्रंथीपर्यंत येतो आणि तिथे वाढतो. चोरानं पोलीस व्हॅनमधून ठाण्यात यावं तसं. त्याच १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

निरोगी_जीवन_पथ

हे सगळं इम्युनिटी कमी झाल्यामुळे होतं. रोज सकाळी गुळवेलीचा काढा, आवळा, दोन संत्री. बाबांना काटा लागला तरी काही झालं नसतं. ज्यांना काढ्याची पावडर हवी त्यांनी व्यक्तिगत निरोप करावा.

तर्रीवाला

आली बाप्पा पावडर! अरे, ज्या माणसाची स्वतःची संत्र्याची बाग आहे त्याले तू संत्री खायला सांगून रायला.

लॅबवाली_मावशी

संत्री खा, चांगलीच असतात. पण क जीवनसत्त्व रोज घेतल्यानं सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, हे बऱ्याच चाचण्या एकत्र पाहून दिसलेलं आहे. झालेली सर्दी थोडी लवकर आवरते, एवढाच फरक. आणि गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, हेही सांगते, म्हणजे एकतर्फी नको. पण साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्या माणसाला अनोळखी पावडर? नको रे.

शिवाय 'वाढवायची' म्हणजे नेमकी कोणती पेशी वाढवायची? दमा, अंगावर पित्त उठणं, सांधेवाताचे काही प्रकार, हे प्रतिकारशक्ती कमी पडून होत नाही. तीच नको तिथे भांडायला उठते म्हणून होतं.

तर्रीवाला

यावर माझ्या साळ्याचा किस्सा. मागच्या सप्टेंबरात डेंगी. घरात कूलर तसाच उभा, टाकीत मे महिन्याचं पाणी. चौथ्या दिवशी ताप उतरला, बायकोनं पेढे वाटले, आम्ही हाश्श केलं. पाचव्या दिवशी हातपाय गार, पोट दुखून रायलं, उभा राहिला की चक्कर. ज्या दवाखान्यात आधी दाखवलं तिथं म्हणे ताप गेला, आता घरी न्या. दुसरीकडे नेलं म्हणून वाचला. डॉक्टर म्हणे हा दुसरा डेंगी आहे, पहिला कधी होऊन गेला ते यालेच माहीत नाही. एकदा झाला की शरीराले आठवण राहते म्हणता ना तुम्ही? मग दुसऱ्यांदा जास्त काहून?

लॅबवाली_मावशी

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत, नुसते प्लेटलेट विचारतात. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार. पहिल्या प्रकाराविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडी (जंतूला चिकटणारी प्रथिनं) दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करण्याइतक्या नीट बसत नाहीत. आणि पांढऱ्या पेशींना सवय अशी की अँटिबॉडी चिकटलेलं दिसलं की गिळायचं. विषाणूला तर पेशीच्या आतच जायचं असतं! दार उघडून घरात घेतल्यासारखं झालं. पुढे शरीराची प्रतिक्रिया इतकी भडकते की रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. हे झिरपणं बहुधा ताप उतरतानाच सुरू होतं, म्हणून पेढ्यांची घाई नको. प्लेटलेटच्या आकड्याइतकंच हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती), रक्तदाब आणि लघवी किती होते ते बघायचं असतं. पपईच्या पानांच्या रसावर वेळ घालवू नका, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन तर नकोच.

उन्हाळा_४७

अवांतर. ताप आला की पॅरासिटामॉलनं उतरतो. मग मे महिन्यात ऊन लागून अंग १०५ होतं तेव्हा त्याच गोळीनं का उतरत नाही? आमच्या काकांना दोन गोळ्या दिल्या, शून्य फरक. (खिशात कांदा होता. त्यानंही शून्य.)

अगार_प्लेट

कारण तो ताप नाहीच. संसर्गात पांढऱ्या पेशींचे निरोप मेंदूपर्यंत जातात आणि मेंदूतला तापमानाचा काटा वरच सरकतो, समजा १०२ वर. शरीर ९९ असलं तरी त्याला थंडी वाजते, माणूस रजई मागतो, कुडकुडून उष्णता तयार करतो. गोळी तो काटा खाली आणते. उष्माघातात काटा जागेवरच असतो, पण उष्णता बाहेर पडत नाही. तिथे गोळी कशावर काम करणार? अंगावर पाणी, पंखा, बर्फ आणि दवाखाना.

एसएस_ची_आई

वाचत होते, लिहायचं नव्हतं. पण ताप आणि साध्या जखमा यावर बोलणं चाललंय म्हणून.

माझा मुलगा अकरा वर्षांचा, सिकलसेल, एसएस पॅटर्न, म्हणजे दोन्ही जीन सदोष. आम्ही दोघं नवरा-बायको एएस, म्हणजे एकच जीन सदोष असलेले वाहक, लग्नाआधी तपासलं नाही. विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको. लोकांना सिकलसेल म्हणजे सांधे दुखणं आणि रक्त चढवणं एवढंच ठाऊक. आमच्या घरात ज्याची भीती असते तो ताप. पाणथरी (प्लीहा) रक्त गाळते, आणि ज्या जंतूंच्या अंगावर साखरेचं गुळगुळीत कवच असतं, न्यूमोनियाचा जंतू त्यातलाच, ते मुख्यतः तिथेच पकडले जातात. कोयत्यासारख्या वाकड्या पेशी तिथल्या बारीक वाहिन्या तुंबवतात आणि पाणथरी लहानपणीच हळूहळू निकामी होते. तो पाच वर्षांचा होईपर्यंत रोज दोन वेळ पेनिसिलिन दिलं, एकही दिवस चुकवला नाही. वेगळ्या जास्तीच्या लसी दिल्या. शाळेतून फोन आला, "थोडं अंग गरम आहे," की मी काउंटरवरून उठते. साहेबांना नंतर सांगते.

एएस लोकांना मलेरियाचा घातक प्रकार कमी त्रास देतो, म्हणून हे जीन टिकलं म्हणे. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा मी विचारलं, माझ्या मुलाला याचा काय उपयोग. ते काही बोलले नाहीत.

काटोलकर भाऊ, बाबांचं काय झालं ते लिहा.

संत्र्याची_फोड

ताई, शब्द नाहीत. धागा वर काढतेय.

काटोलकर, रविवार रात्र

सगळ्यांचे आभार. तर्रीवाल्या भाऊचं ऐकून शुक्रवारी लगेच नेलं, बरं झालं. लाल रेघ होती, घोट्यापर्यंत, आम्हाला दिसलीच नव्हती.

मावशी, पांढऱ्या पेशी १६,४००, न्यूट्रोफिल ८४ टक्के. साखर २९०. डॉक्टर म्हणाले साखर इतकी चढली की न्यूट्रोफिल आळशी होतात, नीट पोचत नाहीत, नीट गिळत नाहीत. मग त्यांनी नायलॉनचा एक बारीक धागा काढून बाबांचे डोळे मिटायला लावले आणि तळव्याला ठिकठिकाणी टेकवून विचारलं, कळतं का? उजव्या पायाला दहापैकी चार ठिकाणी बाबा गप्पच. स्लिपरच्या आरपार काटा गेला तरी "थोडं टोचलं" म्हणत संध्याकाळपर्यंत काम करत होते, ते यामुळे. मला वाटायचं म्हातारा कणखर आहे.

अंगठा बधिर करून चीर दिली. पू आला, आणि पुवाबरोबर काट्याचं अर्धा सेंटिमीटर टोक. बाबांनी सुईनं काढला तो अर्धाच. डॉक्टर म्हणे हे आत होतं तोवर पू थांबलाच नसता. अँटिबायोटिक सुरू आहे, साखरेसाठी आता इन्सुलिन. आज ताप नाही, लाल रेघ गेली. अवधाण मात्र अजून आहे, आधीपेक्षा कमी दुखते.

अगार_प्लेट

ग्रंथी ओसरायला एक-दोन आठवडे लागतील, गर्दी एकदम पांगत नाही. महिन्यानंतरही तशीच राहिली, किंवा न दुखता वाढत गेली, तर मात्र परत दाखवा.

काट्यावरून एक गोष्ट सांगायचीच राहिली. जंतू गिळणाऱ्या पेशींचा शोधच काट्यानं लागला. १८८२ च्या डिसेंबरात सिसिलीतल्या मेसिना गावी इल्या मेचनिकोव्ह तारामाशाची अळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. ती काचेसारखी पारदर्शक. त्यांना वाटलं, हिच्यात काही टोचलं तर फिरत्या पेशी तिथे जमतील का? अंगणातून गुलाबाचे काटे आणून टोचले, रात्रभर झोप नाही, सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा वेढा. १९०८ चं नोबेल त्यांना पाउल एर्लिक यांच्यासोबत मिळालं. आणि हे काटोलकरांसाठी: त्याच अंगणात त्यांनी नाताळसाठी मुलांना एक झाड सजवून दिलं होतं. सूचिपर्णी नव्हतं. संत्र्याच्या जातीचं छोटं झाड होतं.

तर्रीवाला

म्हणजे नोबेल आपलंच.

काटोलकर

बाबांना वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न, मावशींसाठी. त्यांना परत धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ते म्हणतात, "शरीराले एवढं आठवते, तर मले दर खेपेला सुई काहून?"

लॅबवाली_मावशी

बाबांना सांग, प्रश्न चोख आहे. धनुर्वाताच्या जंतूचं विष इतकं जहाल की माणूस मारायला लागतं त्याहून जास्त मात्रा प्रतिकारशक्तीला जागं करायला लागते. त्यामुळे धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही नंतर लस द्यावीच लागते, आजारातून आठवण तयारच होत नाही. लसीत तेच विष, दात काढून, भरपूर मात्रेत दिलेलं असतं. ती आठवण वर्षानुवर्षं टिकते पण पुसट होत जाते, म्हणून उजळणी. आणि २०१९ पासून आपल्या सरकारी लसीकरणात नुसत्या टीटीऐवजी (धनुर्वाताच्या लशीऐवजी) टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही येतं. एका सुईत दोन. बाबा खुश होतील.

काटोलकर

खुश नाहीत. म्हणतात आधीचं कार्ड कुठं ठेवलं ते आईला विचार, आई म्हणते यांनाच विचार.

आज सकाळी पट्टी बांधलेला पाय घेऊन बागेत जायला निघाले होते, जंबेरीचे फुटवे कापायला. कात्री माझ्याकडे आहे, गाडीची किल्लीही. नवे बूट आणलेत, ते अजून खोक्यात आहेत. "बोटं गरम होतात" म्हणे.